समुद्रावरचा खेळ मुलांना का धरून ठेवतो? – वर्गात करून पाहण्यासारखा एक पाठ



हल्ली पालकसभेत एक तक्रार ठरलेली असते. "मॅडम, पुस्तक उघडलं की याला झोप येते, आणि खेळ सुरू केला की जेवणाची शुद्ध राहत नाही." तक्रार खरी आहे, पण ती करताना आपण सगळे खेळ एकाच पोत्यात भरतो. गोळ्या झाडायचा खेळ वेगळा, गाडी पळवायचा वेगळा, आणि ज्यात थांबून, वाचून, विचार करून निर्णय घ्यावा लागतो तो वेगळा. आजचा लेख या तिसऱ्या प्रकारावर आहे. त्यातली ओढ कशाची असते ते समजलं, तर ती आपल्या वर्गात आणता येते. मी आणून पाहिली, म्हणून लिहितेय.

उदाहरणासाठी एकच खेळ घेऊ. 'पिलर्स ऑफ इटर्निटी'चा दुसरा भाग, 'डेडफायर'. अमेरिकेतल्या ऑब्सिडियन या कंपनीने तो मे २०१८ मध्ये आणला. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या शेजारी बसून मी तो पाहिला आणि मग स्वतः खेळले. आधीच स्पष्ट सांगते, हा खेळ मोठ्यांसाठी आहे. त्यात रक्तपात आहे, मुलांपुढे नको अशी भाषाही आहे. तेव्हा मुलांच्या हातात तो देऊ नका. आपण फक्त त्याची घडण बघायची आहे.

गोष्ट अशी. एक देव भल्यामोठ्या पुतळ्यात शिरून तुमचा किल्ला उद्ध्वस्त करतो आणि समुद्रात चालत निघून जातो. तुम्ही जहाज घेऊन त्याच्या मागे निघता. पुढे सगळा बेटांचा प्रदेश. नकाशा बराचसा कोरा असतो, आपण जाऊ तसा तो उघडत जातो. एखाद्या बेटावर नांगर टाकावा की पुढे जावं हे आपणच ठरवायचं. इथपर्यंत सिंदबादच्या सफरीच म्हणा.

पण खरी गंमत जहाजावर आहे. खलाशी नेमायचे. सुकाणूवर कोण, तोफेवर कोण, स्वयंपाकाला कोण, जखमा बांधायला कोण हे ठरवायचं. त्यांना पगार, अन्न आणि पाणी द्यायचं. चांगलं खायला घातलं तर खलाशी खूश असतात. नुसत्या कडक बिस्किटांवर ठेवलं तर कुरकुर सुरू होते, आणि फारच दुर्लक्ष केलं तर बंड. म्हणजे देवाचा पाठलाग करणारा हा शूर वीर निम्मा वेळ वाणसामानाचा हिशोब करत असतो! भाच्याला घरच्या किराण्याची यादी करायला सांगा, तोंड वाकडं करेल. इथे मात्र तो पाण्याच्या पिंपांची बेरीज मन लावून करत होता. जहाजांची लढाईसुद्धा बरीचशी मजकुरातून चालते. शीड पूर्ण उघडायचं की अर्धं, वळायचं की तोफ डागायची, हे वाचून निवडायचं. बारावीच्या इंग्रजीत काठावर पास झालेला मुलगा पानंच्या पानं इंग्रजी वाचतो. अडलेला शब्द शोधतो. कोणी सांगितलेलं नसतं.

आता मुख्य मुद्दा. या बेटांवर चार पक्ष आहेत. एक, मूळचे रहिवासी हुआना. दुसरी, नफ्यासाठी आलेली व्यापारी कंपनी. तिसरी, एका मोठ्या राज्याची आरमारी कंपनी. चौथे, चाचे. प्रत्येक जण तुम्हाला आपल्याकडे ओढतो. तुम्हाला वाटेल, सोपं आहे, मूळ रहिवाशांची बाजू घ्या. पण त्यांच्यातही उतरंड आहे. सगळ्यात खालच्या थरातली रोपारू माणसं शहराच्या तळाशी राहतात आणि वरच्यांनी टाकलेल्या उष्ट्यावर जगतात. मग ज्यांचा हा मुलूख त्यांची बाजू घ्यावी, की त्यांच्यातल्याच दबलेल्यांची? कंपनी नफा नेते हे दिसतं, पण तिच्याशिवाय काही गोष्टी होत नाहीत हेही दिसतं. तुम्ही काय बोललात, कोणाला शब्द दिलात, कोणाला फसवलंत हे खेळ लक्षात ठेवतो आणि पुढे लोक तुमच्याशी त्याप्रमाणे वागतात. शेवटी कोणत्या बेटाचं काय झालं ते तुमच्या निर्णयांवरून सांगितलं जातं.

माझ्या मते ओढ इथे आहे. चित्रं सुंदर आहेत, लढाया आहेत, पण त्या इतर खेळांतही असतात. आपण ठरवलेलं इथे टिकतं आणि त्याचं काहीतरी होतं. आमच्या शाळेतल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसभरात असं ठरवायला किती मिळतं ते मोजून बघा. कुठे बसायचं, काय वाचायचं, कधी पाणी प्यायचं, सगळं ठरलेलं. इतिहास तर सगळ्यात जास्त ठरलेला. लढाई झाली, तह झाला, सन पाठ करा.

आणि हे आपल्या समुद्राच्या इतिहासाबाबत व्हावं याचं मला फार वाईट वाटतं. कारण डेडफायरमध्ये जे काल्पनिक आहे, ते कोकण किनाऱ्यावर खरोखर घडलेलं आहे. पोर्तुगीजांनी समुद्रावर परवाने लावले होते. त्यांचा परवाना नसेल तर जहाज जप्त. समुद्र कोणाच्या बापाचा, असा प्रश्न कोणीतरी विचारणारच. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमार उभारायला घेतलं, १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू केलं. १६७९ मध्ये थेट मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू झाली. एकीकडे इंग्रज, दुसरीकडे जंजिऱ्याचा सिद्दी. इंग्रजांची मोठी जहाजं वाऱ्यावर अवलंबून, मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांवर चालणाऱ्या. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी आणि रात्रीच्या अंधारात होडी सामान घेऊन बेटावर. विज्ञान आणि इतिहास एकाच तासाला शिकवायचा असेल तर यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

पुढे कान्होजी आंग्रे. त्यांनी स्वतःचं दस्तक सुरू केलं. आमच्या पाण्यातून जायचं तर आमचा परवाना घ्या. परवाना पोर्तुगीजांनी दिला तर तो कायदा, कान्होजींनी दिला तर ते चाचे! इंग्रजांच्या कागदांत त्यांना चाचाच म्हटलं आहे. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून कुलाब्यावर हल्ला केला, तो फसला. त्याआधीचा १७१३ चा प्रसंग सातवीला शिकवताना मी नेहमी रेंगाळते. कान्होजी ताराबाईंच्या पक्षात होते. शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं. मग नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला आले. ते मूळचे श्रीवर्धनचे, सिद्दीचा जाच त्यांनाही ठाऊक. आता कान्होजींनी काय करावं? ताराबाईंशी इमान राखावं, दोघांनाही झुलवत ठेवून समुद्र आपला राखावा, की शाहूंना मिळून पाठीमागचा डोंगर सुरक्षित करावा? पुस्तकात उत्तर एका ओळीत आहे. ते शाहूंना मिळाले. पण प्रश्न न विचारता उत्तर दिलं की मुलांना त्यातलं वजन कळत नाही. मी पुस्तक मिटायला लावते, तिन्ही वाटा फळ्यावर लिहिते आणि गटांना दहा मिनिटं देते. नंतर पुस्तक उघडलं की मुलं ती ओळ अशी वाचतात, जणू निकाल लागलाय.

यावरूनच मला वर्गात एक गलबत सोडायची कल्पना सुचली. आमची शाळा भंडारदऱ्याच्या परिसरातली. जलाशय रोजचा, होडी पाहिलेली, पण बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. (अगस्ती ऋषींनी समुद्र पिऊन टाकला ही गोष्ट अकोले तालुक्यात सगळ्यांना माहीत. "म्हणून आपल्याकडे समुद्र नाही," असं एकाने मला गंभीरपणे सांगितलं.) साहित्य अगदी घरचं. एक मोठा कोरा कागद, चिंचोके म्हणजे पाण्याची पिंपं, ज्वारीचे दाणे म्हणजे शिधा, एक फासा आणि माझ्या हातच्या चिठ्ठ्या. वीस मुलं, चार गट. सुकाणूवाले, कोठारवाले, तोफवाले आणि किनाऱ्यावर जाऊन बोलणी करणारे. तांडेल दर आठवड्याला बदलतो. दर शनिवारी एक चिठ्ठी उघडायची, ती मोठ्याने वाचायची, चर्चा करायची, हात वर करून निर्णय घ्यायचा आणि तो गलबताच्या वहीत लिहायचा. रोज दोन चिंचोके कमी. वहीतलं खोडायचं नाही.

पहिल्याच महिन्यात मागणी आली, "मॅडम, मागे जाता येईल का?" संगणकाच्या खेळात जतन केलेल्या जागी परतता येतं. मी नाही म्हटलं. डेडफायरमध्येसुद्धा मागे जाता येणार नाही असा कडक प्रकार निवडता येतो, आणि भाचा म्हणतो की तो खेळताना हात थरथरतात. आमच्या मुलांचे हात थरथरले नाहीत, पण मत द्यायच्या आधी चिंचोके मोजायला लागली.

आता ज्या चिठ्ठीसाठी हा लेख लिहितेय ती. तिच्यावर असं होतं : 'बेटावर गोड्या पाण्याचा एकच झरा आहे. व्यापारी म्हणतात, आम्ही झऱ्याला बांध घालतो, येणाऱ्या जहाजांना पाणी विकतो, तुमची पिंपं आज फुकट भरून देतो. फक्त करारावर साक्षीदार म्हणून सही करा. गावकरी म्हणतात, झरा आमचा आहे. गावातही खालच्या वस्तीला पाणी सगळ्यात शेवटी मिळतं. तुमच्याकडे दोन दिवसांचं पाणी उरलं आहे.'

आमचं धरण म्हणजे विल्सन धरण. काम १९१० मध्ये सुरू झालं, १९२६ मध्ये पूर्ण झालं. त्याचं पाणी प्रवरेतून आणि कालव्यांतून खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडच्या शेतांना जातं. उन्हाळ्यात धरणाच्या वरच्या अंगाच्या काही वाड्यांत बायका हंडे घेऊन चालतात. चिठ्ठी लिहिताना हे माझ्या मनात होतं, पण वर्गात मी धरणाचं नावही काढलं नाही.

तोफवाल्यांचं म्हणणं सरळ. सही करा, खलाशी मेले तर गलबत कोण चालवणार? कोठारवाले म्हणाले, गावकऱ्यांकडे मागू. मग बोलणी करणाऱ्या गटातली एक मुलगी, जी प्रश्न विचारला की पाटीकडे बघते, ती बोलली. "बांध घातल्यावर पाणी कोणाच्या नावावर? आमची आजी म्हणते, पाऊस आपल्या डोंगरात पडतो आणि पाणी मागायचं असलं तर खाली जाऊन अर्ज द्यावा लागतो." वर्ग गप्प झाला. मग एकाने विचारलं, खालच्या शेतकऱ्याचं काय चुकलं? त्याचे मामा राहुरीकडे ऊस करतात. त्याचंही बरोबर होतं. पुढचा अर्धा तास मला एक शब्द बोलावा लागला नाही. शेवटी अकरा विरुद्ध नऊ मतांनी ठरलं की सही करायची, पण अट घालून. बांधाचं पहिलं पाणी खालच्या वस्तीला. अट वहीत लिहिताना ती मुलगी स्वतः पुढे आली. अक्षर वाकडंतिकडं, पण वाक्य पूर्ण होतं.

इथे शिक्षकांना एक कळीची गोष्ट सांगते. परिणामाची चिठ्ठी लिहिताना आपलं मत घुसवू नका. आपल्याला आवडलेला पर्याय निवडला की फायदा आणि दुसरा निवडला की वादळ, असं केलंत तर मुलं दुसऱ्याच फेरीत ओळखतात आणि बाईंना काय हवंय ते शोधून तेवढंच बोलतात. मग ती तात्पर्यकथा झाली, खेळ संपला. प्रत्येक निर्णयात काही मिळालं पाहिजे आणि काही गेलं पाहिजे. मी लिहिलं, खालच्या वस्तीला पाणी मिळालं, व्यापाऱ्यांनी जहाजांसाठी भाव वाढवला, आणि परतीच्या वाटेवर तुम्हालाही तोच भाव द्यावा लागेल. वर्गात दोन बाजूंनी आरडाओरडा झाला. मुलांना तो भाव अजून आठवतो, एका पिंपाला सात नाणी.

पालकांसाठी थोडंसं. मूल काय खेळतं ते आधी शेजारी बसून बघा. वयाचं मानांकन बघा. फुकट म्हणून आलेले आणि नंतर पेट्या उघडायला पैसे मागणारे खेळ मी वर सांगितलेल्या प्रकारात मोडत नाहीत, त्यांच्यापासून लांबच ठेवा. आणि निर्णयाचा खेळ असेल तर "किती वेळ झाला?" याच्या आधी "तू कोणाची बाजू घेतलीस? का?" हे विचारा. वेळेची शिस्त हवीच, कारण असे खेळ आपणहून थांबत नाहीत. एक बेट झालं की बंद, असं आधी ठरवलं तर भांडण कमी होतं. घरी संगणक नसेल तर चिंचोके आहेतच. आजी-आजोबांना तांडेल करा, ते चिठ्ठ्या माझ्यापेक्षा चांगल्या रचतील.

आमचं गलबत सध्या एका निनावी बेटाच्या दक्षिणेला उभं आहे. नऊ चिंचोके शिल्लक, ज्वारी भरपूर, एक शीड फाटलेलं. पुढच्या शनिवारची चिठ्ठी अजून लिहायची आहे. त्यात देवमासा हवाच, अशी सगळ्या गटांची मागणी आहे.