मोठेपणी येणाऱ्या कांजिण्या

कांजिण्या हा बालपणी एकदा यावयाचाच आजार, तो जितक्या लवकर येऊन जाईल तितके बरे, अशी समजूत आपल्या समाजात इतकी खोल रुजलेली आहे की, या आजारास प्रतिबंध करणारी लस उपलब्ध आहे आणि ती प्रौढांनीही घ्यावयाची असते, ही गोष्ट सुशिक्षित घरांतूनसुद्धा पुष्कळांच्या गावी नसते. त्या समजुतीची किंमत आमच्या कुटुंबास मोजावी लागली, म्हणूनच हे लिहावयास बसलो आहे.

काही वर्षांपूर्वी, फाल्गुनाच्या सुमारास, माझ्या धाकट्या बंधूंच्या मुलास शाळेतून कांजिण्यांची लागण झाली. मूल आठवड्याभरात हिंडूफिरू लागले, आणि घरात सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो टाकून पंधरवडा लोटतो न लोटतो तोच चाळिशीच्या उंबरठ्यावरील, प्रकृतीने काटक असे माझे बंधू तापाने फणफणले आणि दोन दिवसांत त्यांचे सर्वांग, टाळूपासून तळपायापर्यंत, पाण्याने भरलेल्या फोडांनी व्यापून गेले. आईने दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले, अंथरुणाभोवती पाला पसरला, स्वयंपाकातील फोडणी बंद केली, आणि 'देवी आली आहे, तिला औषधाने दुखवू नये' असे हात जोडून सांगितले. तिच्या श्रद्धेचा अवमान करण्याचे माझ्या मनात कधीच आले नाही. ज्या पिढीने देवीच्या साथीत घरेच्या घरे ओस पडलेली पाहिली, त्या पिढीचे भय आणि त्या भयातून उपजलेली भक्ती ही आदरानेच समजून घेतली पाहिजेत. बंधूंच्या दंडावर देवीच्या लशीची खूण होती, आणि तिच्या भरवशावर ते स्वतःही निर्धास्त होते. परंतु ती लस देवीची. कांजिण्यांचा विषाणू सर्वस्वी निराळ्या कुळातला, नि त्याच्यापुढे त्या खुणेचा काडीइतकाही उपयोग नाही.

त्यानंतर बंधूंना धाप लागू लागली. इस्पितळात छातीचे चित्र काढल्यावर दोन्ही फुप्फुसांत दाह पसरल्याचे दिसले. कांजिण्यांच्या विषाणूमुळे होणारा न्यूमोनिया मुलांत क्वचित आढळतो; प्रौढांत, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत आणि गर्भवती स्त्रियांत, तो प्राणावर बेतू शकतो. विषाणूविरोधी औषध पुरळ उठल्यापासून चोवीस तासांच्या आत सुरू झाले तर सर्वाधिक गुण येतो, हे आम्हांस डॉक्टरांकडून तेव्हा कळले. प्राणवायूच्या नळीवर असलेल्या भावाच्या उशाशी काढलेल्या त्या रात्रींविषयी अधिक लिहिण्याची मला इच्छा नाही. तो वाचला, एवढे पुरे.

त्याच सुमारास गर्भवती असलेली आमची पुतणी काही दिवसांकरिता घरी आलेली होती, त्यामुळे डॉक्टरांचा पहिला प्रश्न तिच्याविषयी आला. पहिल्या वीस आठवड्यांत मातेस हा आजार झाल्यास क्वचित गर्भात व्यंग उद्भवते, आणि प्रसूतीच्या आसपासच्या दिवसांत झाल्यास नवजात अर्भकाच्या जिवास गंभीर धोका असतो. सुदैवाने तिला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्याचे वहिनींना पक्के स्मरत होते. जिला त्या आलेल्या नाहीत, तिला कांजिण्यांची लस गर्भारपणात देता येत नाही. म्हणून लग्न ठरलेल्या मुलीच्या बाबतीत ही चौकशी आधीच व्हावयास हवी, आणि लस घेतल्यावर निदान एक महिना गर्भधारणा टाळावी.

या लशीचे जनक जपानी शास्त्रज्ञ मिचिआकी ताकाहाशी. १९६४ साली ते अमेरिकेत ह्यूस्टन येथे संशोधन करीत असता त्यांच्या तीन वर्षांच्या मुलास तीव्र कांजिण्या झाल्या, आणि त्या रात्रींच्या जागरणातून या कार्याचा संकल्प झाला; १९७४ साली त्यांनी दुर्बल केलेल्या विषाणूची लस जगापुढे मांडली. हा वृत्तांत वाचला तेव्हा त्या अपरिचित पित्याविषयी मला फार जवळीक वाटली.

आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांत बालपणी हा आजार चुकून राहिलेले लोक शीत प्रदेशांच्या मानाने अधिक असतात. ही बाब आपल्याकडे विशेष लक्षात घेतली पाहिजे. सरकारच्या सार्वत्रिक लसीकरणात ही लस अंतर्भूत नाही, त्यामुळे ती आपण होऊन मागावी लागते आणि तिचा खर्चही पदरचा करावा लागतो. मुलांना पहिली मात्रा पंधराव्या महिन्याच्या सुमारास व दुसरी त्यानंतर किमान तीन महिन्यांनी देतात. तेरा वर्षांवरील व्यक्तीस दोन मात्रा किमान चार आठवड्यांच्या अंतराने घ्याव्या लागतात. लस घेऊनही एखाद्यास कांजिण्या येतात, परंतु त्या बहुधा मोजक्या फोडांवर निभावतात. लस जिवंत विषाणूची असल्याने कर्करोगावरील उपचार चालू असलेल्या अथवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ती घेऊ नये. आणि मुलांना, आजारात काय किंवा लशीनंतरचे सहा आठवडे काय, ॲस्पिरिन मुळीच देऊ नये.

घरात एखाद्यास फोड दिसलेच, तर कांजिण्या न झालेल्या निरोगी माणसाने तीन दिवसांच्या आत, फार तर पाच दिवसांपर्यंत, लस टोचून घेतल्यास आजार टळण्याचा किंवा सौम्य होण्याचा संभव असतो. ही मुदत अत्यंत तोकडी आहे, आणि रोगी फोड उठण्यापूर्वी एकदोन दिवस आधीपासूनच संसर्ग पसरवीत असतो. तेव्हा साथीची वाट पाहू नका. कडुलिंब खुशाल बांधा, पण आपल्या घरात कोणाला कांजिण्या झालेल्या नाहीत हे वडीलधाऱ्यांची आठवण शाबूत आहे तोवर विचारून घ्या, आणि अशा प्रत्येकास, वयाचा संकोच न धरता, डॉक्टरांकडे घेऊन जा.