नवोदयचा पेपर आणि घरातलं घड्याळ

मैत्रिणींनो, जुन्नर-आंबेगावच्या आपल्या गटांत पाचवीतल्या मुलांच्या आया पुष्कळ आहेत. बैठकीत हप्त्यांचा विषय संपला की नवोदयचा निघतोच. आपल्या जिल्ह्याचं नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यात, पिंपळे जगतापला आहे. किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांच्या. पण सहावीची निवड परीक्षा एकदाच देता येते, आणि हे ऐकून पोरांच्या आधी आपल्यालाच धडकी भरते.

पेपर 2 तासांचा, 80 प्रश्न, 100 गुण. 40 प्रश्न आकृत्यांचे, 20 गणिताचे, 20 भाषेचे. मराठीतून देता येतो. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून शेवटी एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

माझ्या मुलीचं सांगते. घरी तिचे साठाच्या पुढे प्रश्न बरोबर यायचे. परीक्षेत तिने एक प्रश्न सोडला आणि पुढचं उत्तर त्या सोडलेल्याच्याच ओळीत रंगवलं. पाच-सहा प्रश्नांनंतर ध्यानात आलं. पेनाने रंगवलेला गोल बदलता येत नाही. पोर रडवेली झाली, मग येणारी गणितंही चुकली. चूक तिची कमी, माझी जास्त. घरी ती सगळं वहीतच सोडवायची, गोल रंगवायची सवयच नव्हती.

धाकट्याच्या वेळी रीत बदलली. दर रविवारी साडेअकराला, म्हणजे परीक्षेच्याच वेळेला, बसायचं. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स, बॉलपेन, टीव्ही बंद. आकृत्यांना 1 तास, बाकी दोन्हींना अर्धा-अर्धा. मला त्या आकृत्या कळत नाहीत, पण घड्याळ कळतं! दर दहा प्रश्नांनी प्रश्नाचा नंबर आणि गोलाचा नंबर बोट ठेवून जुळवायचा. अडलं तर पेन खाली, तीन सावकाश श्वास, आणि खूण करून पुढे.

बरोबर आलेले प्रश्न गटाच्या वहीसारखे तारीख घालून लिहिले. 58, 66, मग एकदम 49. मी ओरडणारच होते, पण आधी विचारलं, रात्री झोपलास कधी? शेताला रात्रीची लाईट होती, बिबट्याच्या भीतीने बापाला सोबत म्हणून तो पाणी धरायला गेलेला. तेव्हापासून शनिवारची रात्र झोपेची. पुढे आकडे 62, 64, 61 असे जवळजवळ यायला लागले.

परीक्षेहून आला तो "आई, भूक लागली" म्हणतच. यादीत नाव लागलं नाही. आता तो आठवीत आहे, वर्षाला 12,000 रुपये देणाऱ्या एनएमएमएस शिष्यवृत्तीची तयारी करतोय. तिथे 90-90 प्रश्नांचे दोन पेपर असतात. रविवारचं घड्याळ अजून माझ्याकडेच आहे.