मोटर किती एचपीची?

तंजावरहून पट्टुकोट्टईच्या रस्त्याला लागलं की तासाभरात ओरत्तनाडु येतं. दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबाळच्या नावाने बांधलेलं छत्र, म्हणजे धर्मशाळा, याच गावात आहे. प्रवाशाला जेवण आणि आजारी पडला तर औषध, अशी तंजावरच्या मराठ्यांच्या छत्रांची रीत होती. त्या गावचे एक रायर प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी आमच्या हॉस्पिटलमध्ये आले. इथल्या मराठी माणसाला तमिळ लोक रायर म्हणतात. मी त्यांना अप्पा म्हणायचो. त्यांची मराठी तंजावरची, माझी सोलापूरची. अर्धं मराठीत कळायचं, उरलेलं तमिळमध्ये निभायचं.

मी मेडिकल फिजिसिस्ट. गाठीला किती डोस द्यायचा ते डॉक्टर ठरवतात. तो कुठल्या दिशांनी आणि कुठल्या ऊर्जेने पोचवायचा, हे गणित माझ्याकडे. पहिल्याच भेटीत अप्पांनी विचारलं, "माझ्या मेव्हण्याला पंधराचं मशीन लावलं होतं. मला सहाचंच का?" उत्तर द्यायला मला पंचवीस दिवस लागले. त्यातलं आणि त्याआधीच्या नोकरीतलं थोडं इथे लिहितो.

१. आकडा म्हणजे ताकद नव्हे.

तमिळमध्ये रेडिएशनला लोक 'करंट' म्हणतात, आपल्याकडे 'लाईट' नाहीतर 'शेक'. तिन्ही शब्दांनी एकच गैरसमज होतो, की आकडा मोठा तर चटका मोठा. एमव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं माप; सहा एमव्ही आणि पंधरा एमव्ही हा फरक किरण किती आत शिरतात याचा आहे. डोस ग्रेमध्ये मोजतात; गाठीला ६० ग्रे द्यायचे असतील तर सहाने दिले तरी ६० आणि पंधराने दिले तरी ६०च. पाण्याच्या टाकीत मोजलं, तर सहाचा सगळ्यात जास्त डोस दीड सेंटीमीटरवर पडतो, पंधराचा तीनच्या जवळपास. १० सेंटीमीटर खोलीवर सहाचे ६७ टक्के उरतात, पंधराचे ७७. २० सेंटीमीटरवर सहाचे चाळीसच्याही खाली जातात, पंधराचे ४९च्या आसपास राहतात.

अप्पांची शेती कावेरीच्या पाण्यावर आणि बोअरवर. त्यांना हे माझ्याआधी कळलं. "म्हणजे मोटरचा एचपी," ते म्हणाले. "बोअर किती खोल, त्यावर मोटर. शंभर फुटाला पंधरा एचपी कशाला?"

२. कधीकाळी पंधराच बरोबर होतं.

अणुशक्तिनगरला रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका करून मी नोकरीला लागलो, तेव्हा आमच्याकडे एक कोबाल्ट मशीन आणि एक नवा लिनॅक होता. प्रोस्टेटला चार बाजूंनी बीम द्यायचे: पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून. बाजूच्या बीमला खुब्याच्या हाडातून सतरा-अठरा सेंटीमीटर जावं लागे, जाड माणसात वीस. तिथे सहा वापरलं की गाठीपर्यंत पुरेसा डोस पोचवताना कमरेच्या कडेची चरबी भाजून निघे. म्हणून पंधरा किंवा अठरा. कोबाल्टवर तर प्रोस्टेट करायला जीव धजावत नसे. 'खोल गाठ, मोठा आकडा' हा नियम त्या दिवसांतला, आणि तो खोटा नव्हता.

३. आर्क आला आणि सहा की पंधरा या भांडणातला दम गेला.

आता मशीन माणसाभोवती पूर्ण फिरतं आणि डोस शेकडो कोनांत वाटला जातो, हाच आर्क. कुठल्याच एका बाजूला फार सोसावं लागत नाही. अमेरिकेत २००२ साली आलेल्या एका अभ्यासातही हेच दिसलं होतं: खोल गाठीला नऊ किंवा अधिक दिशांनी आयएमआरटी (प्रत्येक बीममध्ये जागोजागी तीव्रता कमीजास्त करून दिलेलं रेडिएशन) दिलं, तर ऊर्जेच्या निवडीला फारसा अर्थ उरत नाही. माझा विश्वास बसेना. म्हणून एका रविवारी एकाच सीटीवर सहा, दहा आणि पंधराचे तीन प्लॅन केले. डोसच्या आलेखात गुदाशयाची रेघ, ब्लॅडरची रेघ, गाठीची रेघ पडद्यावर एकमेकींवर इतक्या बसल्या, की कुठली कुणाची हे रंग बघून ओळखावं लागलं. फरक होता तो दूरच्या निरोगी भागात. सहाने तिथे डोस काही टक्के जास्त सांडतो. फार स्थूल माणूस असेल तर मी अजूनही दहाकडे वळतो. अप्पा पन्नास किलोचे.

४. मोठ्या आकड्याबरोबर एक बिनबोलावता पाहुणा येतो.

दहाच्या वर गेलं की मशीनच्या डोक्यातल्या टंगस्टनमधून न्यूट्रॉन सुटू लागतात, आणि अठराकडे जाताना ते वाढत जातात. ते गाठीपुरते राहत नाहीत, साऱ्या अंगावर पडतात. म्हणूनच अशा खोलीच्या दारात शिशाबरोबर बोरॉन घातलेलं पॉलिथिन असतं. आयएमआरटीत मशीन जास्त वेळ चालू ठेवावं लागतं, मग हा हिशेबही वाढतो. एकदा पंधराचा लांब बीम संपल्यावर मी सर्व्हे मीटर घेऊन आत गेलो. बीम बंद होता, तरी मशीनच्या डोक्यापाशी काटा शून्यावर नव्हता. आतले धातूच थोडे किरणोत्सारी झाले होते. त्यातलं ॲल्युमिनियम सव्वादोन मिनिटांत निम्मं होतं, तांब्याला दहा मिनिटं लागतात. काटा हळूहळू खाली येताना बघत उभा राहिलो. त्या खोलीत दिवसातून चाळीस वेळा जाणाऱ्या टेक्नॉलॉजिस्टचा विचार तोवर मी कधी केला नव्हता. हे मला तेव्हा शोभलं नाही.

५. सॉफ्टवेअरमध्ये माणूस कमरेपासून मांडीपर्यंतच असतो.

ही चूक माझी आहे, गावाचं नाव सांगत नाही. अप्पांच्या कितीतरी आधी एका रुग्णाचा प्लॅन मी पंधरावर केला. प्लॅन सुंदर होता, डॉक्टरांनी सही केली. पहिल्या दिवशी रुग्णाने शर्ट काढला, आणि टेक्नॉलॉजिस्ट मुलीला डाव्या हंसळीखाली काडेपेटीएवढा उंचवटा दिसला. पेसमेकर. प्रोस्टेटचा सीटी ओटीपोटाचा काढतात, छाती त्यात येतच नाही. मी दोन दिवस त्या माणसाकडे बघत होतो आणि त्याचं हृदय कशावर चालतंय हे मला माहीत नव्हतं. पेसमेकर बीमच्या वाटेत नव्हता, पण न्यूट्रॉन वाट विचारून येत नाहीत. त्यांच्यामुळे पेसमेकरमधलं इलेक्ट्रॉनिक्स अचानक बिघडू शकतं. म्हणून अशा रुग्णांना दहाच्या वर जाऊ नये, असा आमच्या क्षेत्रातला संकेत आहे. त्या मुलीने मला बोलावलं. सिटिंग थांबवलं, संध्याकाळपर्यंत सहावर नवा प्लॅन झाला. तेव्हापासून प्लॅन उघडण्याआधी मी रुग्णाला भेटून येतो.

६. खुब्यात धातूचा सांधा असेल, तर मोठा आकडा लावून तो भेदायचा हट्ट नको. त्या कोनांतून बीम द्यायचाच नाही.

७. आकड्यावर वाद घालण्याआधी कुठे मारायचं ते ठरवा.

टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२१ साली एका अभ्यासाचे निकाल छापले. जास्त धोक्याचा प्रोस्टेट कॅन्सर असलेले २२४ पुरुष त्यात होते. अर्ध्यांना फक्त प्रोस्टेटला रेडिएशन, अर्ध्यांना ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही. पाच वर्षांनी रक्तातला पीएसए (प्रोस्टेटच्या आजाराची खूण) पुन्हा न वाढलेले पहिल्या गटात ८१ टक्के, दुसऱ्यात ९५. दोन गटांत फरक होता तो कुठे मारलं याचा. अप्पांचा आजारही त्याच जातीचा, त्यांनाही तोच क्रम दिला: प्रोस्टेटला ६८ ग्रे, ग्रंथींना ५०, सिटिंग पंचवीस.

८. आणि शेवटी सगळं ब्लॅडरवर येतं.

ब्लॅडर भरलेलं, आतडं रिकामं, असं रोज हवं. त्यासाठी सिटिंगच्या पाऊण तास आधी अर्धा लिटर पाणी. अप्पा ओरत्तनाडुच्या बसस्टँडवर पाणी पीत, बस हिसके देत येई आणि तंजावरला उतरल्याउतरल्या ते आडोसा शोधत. स्कॅनमध्ये ब्लॅडर रिकाम्या पिशवीसारखं दिसे. मग माझ्या केबिनमधला स्टीलचा तांब्या त्यांच्या नावचा झाला. पाणी इथे येऊन प्यायचं, तोवर गप्पा.

नवरात्र आलं. गोलू मांडलेल्या घरी रोज संध्याकाळी हरभऱ्याचं सुंडल. तिसऱ्या दिवशी स्कॅनमध्ये गुदाशय गॅसने फुगलेला, आणि प्रोस्टेट सात मिलिमीटर पुढे ढकललेलं. माझ्या त्या रविवारच्या तीन प्लॅनमध्ये कुठेही सात मिलिमीटरचा फरक नव्हता. अप्पांना टेबलवरून उतरवलं, अर्धा तास चालायला लावलं, पुन्हा स्कॅन केला, मगच बीम चालू केला. "सुंडल बंद," मी म्हटलं. देवीचा प्रसाद बंद करायला सांगणारा मराठी माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. दसऱ्यापर्यंत त्यांनी ते पाळलं. पंचवीस सिटिंग सहा एमव्हीवर झाली.

तुमच्या घरात कुणाला हे उपचार घ्यायचे असतील, तर मशीन कितीचं हे शेवटी विचारा. रोज आधी स्कॅन करून बघता का, ते पहिल्यांदा विचारा. आणि छातीत पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड सीटीच्या दिवशीच फिजिसिस्टच्या हातात द्या.