धावपट्टीवरील शब्द

नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने ईशान्येस निघाले, की द्राक्षमळ्यांच्या मुलखात सुमारे वीस किलोमीटरांवर ओझर हे गाव लागते. १९६४ साली येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीच्या विमान-कारखान्याची स्थापना झाली. आरंभी मिग आणि पुढे सुखोई जातीची लढाऊ विमाने या कारखान्यात तयार झाली. याच कारखान्याच्या विमानतळावरून पुढे प्रवासी विमानेही ये-जा करू लागली. चाचणीसाठी निघालेले लढाऊ विमान असो, की प्रवाशांनी भरलेले विमान असो, दोहोंनाही तीन किलोमीटर लांबीच्या धावपट्टीवर आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागते.

धावपट्टीवर एका वेळी एकानेच असावे, हा विमानतळाचा मूळ नियम होय. अनुमती नसलेले विमान, मोटार किंवा माणूस धावपट्टीवर आला, तर त्यास धावपट्टीवरील अतिक्रमण म्हणतात. रस्त्यावरील मोटार समोर कोणी दिसताच बाजूला घेता येते. परंतु उड्डाणासाठी धावणाऱ्या विमानाचा वेग ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक असतो. ते बाजूला वळू शकत नाही आणि चटकन थांबूही शकत नाही.

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर १५ फेब्रुवारी २०२० रोजी या संकटाचा प्रत्यय आला. एअर इंडियाचे एक विमान दिल्लीस जाण्यासाठी धावपट्टीवरून धावत होते. वेग ताशी सुमारे २२० किलोमीटर झाला असताना वैमानिकांना समोर एक जीप आणि एक मनुष्य दिसला. विचार करण्यास क्षणभराचीही सवड नव्हती. त्यांनी नेहमीपेक्षा आधीच विमानाचे नाक वर उचलले. विमानाचा मागील भाग जमिनीला घासला. पण विमान जीपवरून निघून गेले आणि दिल्लीस सुखरूप उतरले. तेथे तपासणी झाली, तेव्हा त्याच्या पोटावर घासल्याच्या खुणा आढळल्या.

असे प्रसंग टाळण्यासाठी विमानतळावर अनेक खुणा केलेल्या असतात. धावपट्टीच्या अलीकडे जमिनीवर पिवळ्या रेषा आखलेल्या असतात. शेजारी लाल फलकावर पांढरी अक्षरे असतात. परवानगीवाचून ती रेषा ओलांडावयाची नाही, असा त्यांचा अर्थ आहे. मात्र या सर्व खुणांहून मोठा आधार आहे तो शब्दाचा. नियंत्रण-मनोऱ्यातील अधिकारी बिनतारी यंत्रावरून आज्ञा देतो आणि वैमानिक ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवतो. ‘धावपट्टीबाहेर थांबा’ असे मनोऱ्याने सांगितले, तर ‘धावपट्टीबाहेर थांबतो’ असे म्हणून वैमानिक आपल्या विमानाचा क्रमांकही सांगतो. केवळ ‘बरे’ म्हणून भागत नाही. इंग्रजीतील ‘नाइन’ आणि ‘फाइव्ह’ हे शब्द घरघरीत ऐकताना एकमेकांत मिसळतात, म्हणून नऊ या अंकाचा उच्चार ‘नायनर’ असा करण्याचा संकेत आहे. इतकी बारीक काळजी का घ्यावी लागते, याचे उत्तर एका भीषण अपघातात मिळते.

अटलांटिक महासागरातील टेनेरिफ या स्पॅनिश बेटावर २७ मार्च १९७७ रोजी दाट धुके पसरले होते. एक डच आणि एक अमेरिकन, अशी दोन प्रचंड विमाने एकाच धावपट्टीवर होती. धुक्यामुळे त्यांना एकमेकांचे दर्शन होत नव्हते, आणि मनोऱ्यातूनही ती दिसत नव्हती. डच विमानाला उड्डाणानंतरचा मार्ग सांगण्यात आला. तो उड्डाणाचा परवाना नव्हता. तरीही कप्तानाने विमान सोडले. मनोऱ्याने त्यास थांबण्यास सांगितले आणि अमेरिकन वैमानिकाने आपण अद्याप धावपट्टीवरच आहोत असे कळविले. परंतु दोघे एकाच क्षणी बोलल्यामुळे डच विमानात कर्कश आवाजापलीकडे फारसे काही स्पष्ट ऐकू गेले नाही.

तरी एक संधी उरली होती. डच विमानातील अभियंत्याला शंका आली. ते दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही काय, असे त्याने विचारले. कप्तान अत्यंत अनुभवी होता. नव्या वैमानिकांना शिकविण्याचे कामही त्याच्याकडे होते. त्याने ठामपणे ‘झाले’ असे उत्तर दिले. अभियंता गप्प बसला. सहवैमानिकही बोलला नाही. काही सेकंदांतच दोन्ही विमानांची टक्कर झाली आणि ५८३ माणसे प्राणास मुकली.

या अपघाताने जगाला दोन धडे दिले. पहिला शब्दांचा : ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाचा प्रत्यक्ष परवाना देताना किंवा तो रद्द करतानाच उच्चारावा, एरवी नाही. दुसरा धडा माणसांचा : शंका आली तर कनिष्ठाने ती निर्भयपणे बोलून दाखवावी, उत्तराने समाधान न झाल्यास पुन्हा बोलावे, आणि वरिष्ठाने ती मानाने ऐकून घ्यावी. हे वागणे वैमानिकांना आता प्रशिक्षणातच शिकविले जाते.

नियम सुधारले, तरी मनुष्याचा कान आणि मन तेच राहिले आहे. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाच्या एका लहान विमानास ‘तुमचा क्रमांक पहिला’ असे सांगून धावपट्टीबाहेरील थांब्यापर्यंत येण्याची आज्ञा मिळाली. तिचा पुनरुच्चारही बिनचूक झाला. पण धावपट्टीवर जाण्याची अनुमती मिळाली, असा कप्तानाचा समज झाला आणि ते विमान आत शिरले. उतरणारे प्रवासी विमान त्यावर आदळले. लहान विमानातील सहांपैकी पाच जण मृत्यू पावले. प्रवासी विमान पेटले. परंतु कर्मचाऱ्यांच्या सूचना पाळून त्यातील सर्व ३७९ जण बाहेर पडले.

आज्ञा ओठांनी परत म्हणणे आणि ती मनाने समजणे यांत अंतर असते. ओझरच्या धावपट्टीअलीकडे पिवळ्या रेषेशी थांबलेला वैमानिक ते अंतर जाणतो. शंका असेल, तर तो पुन्हा विचारतो. त्यात एखादे मिनिट जाते. पण त्याच्या पाठीशी बसलेल्या माणसांचे प्राण त्या एका मिनिटावर अवलंबून असतात.