तारीख घेतलीस का गं?

शाळेने लेकाला न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे न्यायला सांगितलं आणि तुझी झोपच उडाली, हो ना? आधी दोन घोट पाणी पी. खरं सांगू का, त्यात भिण्यासारखं काही नाही. तिथे सुई नाही, मशीन नाही. टेबलापाशी तुझं पोर, समोर तपासणारी ताई आणि मध्ये कागद, चित्रं, ठोकळे.

लाल-पांढरे ठोकळे जुळवून नक्षी करायची, ऐकलेले आकडे आधी सरळ, मग उलटे म्हणायचे, वाचायचं, लिहायचं. यातून कळतं, घोडं नेमकं कुठे पेंड खातंय. एखाद्याला गोष्ट समजते, पण अक्षरं लागत नाहीत. एखाद्याला तीन कामं सांगितली, की तिसरं ऐकेपर्यंत पहिलं निसटतं. एखाद्याला सगळं येतं, पण हातच सावकाश चालतो. वहीवर मात्र तिघांनाही ‘अपूर्ण’ असाच शेरा! उपाय तिघांचे वेगळे, म्हणून तर तपासायचं.

आता तयारी ऐक. आधी डोळे आणि कान तपासून घे. जायच्या दिवशी झोप पुरी झालेली हवी, पोट भरलेलं हवं आणि चष्मा बरोबर हवा. अंगात ताप असेल तर सरळ तारीख पुढे ढकल. जुन्या वह्या, प्रगतिपुस्तकं ने. लहानपणी फिट आली असेल, डोक्याला मार लागला असेल, तर लपवू नकोस. घरी मराठी आणि शाळा इंग्रजी असेल तर तेही आधीच सांग. आणि बघ, घरी सराव मुळीच घेऊ नकोस. मग अडचण झाकली जाते.

तो विचारेल, “आई, मी ढ आहे का?” त्याला जवळ घे आणि सांग, “नाही रे राजा. तुला काय सोपं जातं, काय जड जातं, ते बघायचंय.”

अहवालातल्या बुद्ध्यांकाला चिकटून बसू नकोस. सरासरी 100 धरतात आणि साधारण दोन तृतीयांश मुलं 85 ते 115 मध्येच असतात. एकाच मुलाची समज उत्तम आणि वेग कमी असू शकतो. नुसत्या एका आकड्यात ते दिसत नाही. तू शिफारशी नीट वाच आणि तिथेच विचार, “शाळेत उद्यापासून काय बदलायचं? घरी काय करायचं?”

अध्ययन अक्षमता निघाली तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, हे लक्षात ठेव. वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. बोर्डाच्या परीक्षेसाठी सहसा अधिकृत सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून दहावीची वाट बघत बसू नकोस.

तुझ्या वळण लावण्यात काही कमी पडलं म्हणून हे झालेलं नाही, हे मनात पक्कं कर. घरच्यांची समजूत नंतर काढू. आधी फोन उचल आणि तारीख घे. जमेल गं तुला.