सुनबाई, पोरांना आधी वर बघायला शिकव

पोरांना घेऊन रानफुलं बघायला निघणार आहेस, तर एक गोष्ट आधी ध्यानात ठेव. आपल्याकडचा वसंत जमिनीवर कमी आणि झाडांवर जास्त असतो. पुस्तकातली चित्रं बघून मुलं हिरवळीत फुलं शोधत बसतात, पण ती चित्रं थंड मुलखातली. तिकडे बर्फ वितळलं की जमीन फुलते. आपली जमीन फुलते पावसात, श्रावण-भाद्रपदात. फाल्गुनात इथली काळी माती भेगाळलेली असते, गवत वाळलेलं असतं आणि पळस, काटेसावर, गणेर पानं झाडून उघड्या फांद्यांवर फुलतात. पानांचा आडोसा नसतो, म्हणून पाखरांना फूल लांबून दिसतं. पोरांनाही दिसेल, फक्त मान वर करायची सवय लाव.

वाट एकच धरा. बुऱ्हाणपूरच्या शनवारा दरवाज्यापासून निघून लालबागकडे, कुंडी भंडाऱ्यापर्यंत जायची वाट मला सगळ्यांत आवडते. दर रविवारी नवी जागा शोधू नका. त्याच वाटेवरचं तेच झाड कळीत, फुलात आणि शेंगेत पाहिलं की ते मुलांच्या ओळखीचं होतं. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून शहरात आणणारी कुंडी भंडाऱ्याची ही कुंड्यांची रांग 1615 च्या सुमाराची, खानखानान रहीमच्या काळातली. मुलांना हेही सांग. मात्र कुंडीच्या तोंडाशी त्यांचा हात सोडू नकोस.

पळस लवकर दाखव, होळीच्या आधी. एका देठावरची तीन पानं मुलांना मोजायला लाव, म्हणजे ‘पळसाला पानं तीनच’ ही आपली म्हण त्यांना पुन्हा समजवावी लागणार नाही. फुलं झाडावरची तोडायची नाहीत. खाली पडलेली वेचा, घरी आणून रात्रभर पाण्यात भिजवा किंवा उकळा. केशरी रंग उतरतो. रंगपंचमीला तोच खेळा. बाजारातल्या पुडीपेक्षा तो शंभरपट बरा.

काटेसावरीखाली मात्र बसायचं. जाड, लाल, पाच पाकळ्यांचं पडलेलं फूल मुलांच्या हातात दे आणि आतले केसर वेगळे करायला सांग. वर मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर यांची ये-जा चालू असते. मुलं गप्प राहिली तर अर्धा तास कसा गेला ते कळत नाही. पण बसण्याआधी वरच्या फांद्या नीट बघून घे. उंच सावरीवर आणि जुन्या कमानींत आग्या मोहोळ लटकलेलं असतं. दिसलं तर आवाज न करता माघारी फिरायचं. दगड तर कोणीही, कधीही मारायचा नाही.

गणेरीची मोठी पिवळी फुलं बघायची तर डोंगराच्या खडकाळ उतारावर जावं लागेल. असीरगडाकडे गेलात तर गाडीतूनच नजर ठेवा. तिकडच्या नाल्यांच्या काठी धायटीच्या फुलांच्या तांबड्या नळ्या दिसल्या तर थांबा. वैद्यांच्या आसव-अरिष्टांत आंबवण्यासाठी हीच फुलं घालतात.

आता मोहाबद्दल, आणि हे नीट ऐक. मोहाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटे टपटप गळतात. खकनारच्या बाजूला कोरकू, बारेला घरं ती वेचतात, वाळवतात, त्यावर त्यांचा वर्षाचा काही खर्च निघतो. झाडाखालची जागा त्यांनी झाडून ठेवलेली असते. तिथं पाय ठेवायचा नाही, मूठभर फुलंही उचलायची नाहीत. वेचणाऱ्या मावशींना रामराम करून विचारलंत तर त्या आपणहून चार झाडांची नावं सांगतील. मला निम्मी नावं अशीच कळली आहेत.

जमिनीकडे अगदीच बघायचं नाही असं नाही. तापीचं पाणी ओसरलं की ओल्या गाळावर जलपिंपळीची बारीक पांढरट-जांभळी फुलं येतात, त्यांच्यासाठी गुडघ्यावर बसावं लागतं. कोरड्या काठावर भुईरिंगणी असते, फूल जांभळं, पण पानांनाही काटे, म्हणून चपला घालूनच फिरा. पडीक जागेत पिवळा धोतरा भरपूर. तो दिसायला गोड, पण त्याचं बी मोहरीसारखं असतं आणि विषारी. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते. म्हणून घरात एकच नियम ठेव: कुठलंही फूल, फळ, बी तोंडात घालायचं नाही आणि घरी आल्यावर हात साबणानं धुवायचे. गुढीपाडव्याला गुळासोबत कडुनिंबाचा मोहोर देतो तेवढा अपवाद.

सकाळी उजाडताच निघा आणि नऊच्या आत परत या. मार्च सरत आला की आपल्या बुऱ्हाणपूरचं ऊन लहानग्यांना सोसत नाही. पाण्याची बाटली, टोपी आणि एक वही, एवढं सामान पुरे. वहीत तारीख, जागा आणि फूल मुलांनीच लिहायचं, चित्र वाकडं आलं तरी तू सुधारायचं नाहीस. पुढच्या वर्षी पळस आधी फुलला की उशिरा, ते त्याच वहीवरून कळेल.

पळस संपला म्हणून फिरणं थांबवू नका. एप्रिलमध्ये करंजाखाली फिकट जांभळ्या फुलांचा सडा पडतो आणि त्यानंतर बहावा पिवळ्या घोसांनी भरतो. पण पळस फार दिवस थांबत नाही, तेव्हा येत्या रविवारीच निघा.