प्रवासात पोट बिघडले, दोष कोणाचा?

उन्हाळ्याची सुट्टी, लग्नसराई आणि दिवाळी हे हंगाम आले, की माझ्या दवाखान्यात एक ठरलेली तक्रार येते : "डॉक्टर, पाहुण्यांकडे गेलो होतो. वाटेत हॉटेलात खाल्ले, तेच बाधले." नवे गाव, नवी चव आणि पाठोपाठ उलट्या-जुलाब. मग खापर नव्या पदार्थावर फुटते. पण अनोळखी अन्न वेगळे आणि दूषित अन्न वेगळे. हा फरक आज समजून घेऊ.

एक उदाहरण देतो. माझ्या परिचयाचे एक कुटुंब जीपने कोल्हापूरला, मुलांच्या मामाकडे निघाले. आदल्या रात्री केलेला मसालेभात डब्यात भरून घेतला होता. सकाळी अकराला वाटेत थांबून आई व दोन्ही मुलांनी तो खाल्ला. आजोबा व वडील 'पुढे जेवूच' म्हणून नुसत्या चहावर राहिले. दुपारी एक वाजता मामांनी हौसेने सर्वांना एका खानावळीत तांबडा-पांढरा रस्सा खाऊ घातला. तीनच्या सुमारास आई व मुलांना उलट्या सुरू झाल्या. "तुमच्या त्या जाळ रश्श्याने घात केला," असे मामांना ऐकावे लागले आणि भावाबहिणीत अबोला धरला गेला.

परतल्यावर ते माझ्याकडे आले. मी विचारले, "कोणी काय खाल्ले?" रस्सा पाचही जणांनी खाल्ला होता. आजारी पडले ते भात खाल्लेले तिघेच! संशय रश्श्यावर नव्हे, डब्यातील भातावर जातो.

असे का घडते?

तांदळात एका प्रकारच्या जंतूची बीजे असू शकतात. ती भात शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर बाहेर राहिला, की ती रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. त्यामुळे १ ते ६ तासांत उलट्या होतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये; कडक उन्हाळ्यात तर एकच तास. प्रवासाला कोरडी चटणी, दशम्या, भाकरी, भाजलेले शेंगदाणे, केळी हेच बरे.

दुसरी गोष्ट काळाची. सगळे आजार शेवटच्या जेवणातून येत नाहीत. विषमज्वर साधारण १ ते ३ आठवड्यांनी दिसतो. दूषित अन्नपाण्यातून होणारी 'अ' प्रकारची कावीळ तर २ ते ७ आठवड्यांनी प्रकट होते. तेव्हा आज कावीळ दिसली, तर कालच्या भेळेला नव्हे, गेल्या महिन्यातील पाण्याला आठवावे.

हॉटेलात काय निवडावे?

पदार्थ ओळखीचा आहे का, यापेक्षा तो उकळता वाफाळता समोर आला का, हे पाहावे. उकळता रस्सा तिखट लागेल, काहींच्या पोटात जळजळही करील. पण सकाळपासून बाहेर ठेवलेल्या ओल्या नारळाच्या चटणीपेक्षा तो सुरक्षित असतो. चिरून ठेवलेला कांदा-काकडी, उघडी फळे, बर्फ, पाणीपुरीचे पाणी टाळावे. पाण्याच्या बाटलीचे सील तपासावे. पाहुण्यांकडे सरबताऐवजी चहा मागितला, तर कोणी वाईट मानत नाही. जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याला मात्र पर्याय नाही.

जुलाब लागल्यास

पहिले औषध जलसंजीवनी. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचे द्रावण तोंडाने पाजले. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. औषधाच्या दुकानात मिळणारे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर व अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घालावे. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलास अर्धा ते एक कप, घोट-घोट द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे.

'पाणी दिले तर जुलाब वाढतील' म्हणून मुलाला कोरडे ठेवण्याची चाल अजून आहे. हीच सर्वांत घातक. मुले जुलाबाने नव्हे, शरीर कोरडे पडल्याने दगावतात. अंगावरचे दूध चालू ठेवावे, मऊ भात-वरण द्यावे. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत. मुलांसाठी जस्ताच्या गोळ्यांबाबत डॉक्टरांना विचारावे.

डोळे खोल गेले, तान्ह्याची टाळू खाली बसली, लघवी सहा-आठ तास झाली नाही, मूल सुस्त झाले, शौचात रक्त आले किंवा काहीच पोटात ठरेना, तर वाट पाहू नये. जवळचे रुग्णालय गाठावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

प्रवासाच्या पिशवीत जलसंजीवनीची चार पाकिटे आणि एक साबण ठेवावा. मग पाहुण्यांच्या गावची चव खुशाल चाखावी.